कोळशाच्या चार पुरचुंड्या

—नाही नाही, विकायला काही आणलेलं नाही, ताई. साखळी राहू द्या की दाराला, मला चालेल, मी इथूनच बोलतो. ओळखलं नाहीत? जुन्या फर्निचरच्या दुकानातला मी. गेल्या आठवड्यात तुम्ही सहा खणांचं कपाट नेलंत, बाळाच्या कपड्यांसाठी—हां, तोच. वास काढणारा. मालक 'हुंग रे' म्हणाले आणि ज्याने खणात डोकं घालून 'स्वच्छ' म्हटलं, तोच मी. कपाटाची तक्रार नाही? चांगलं आहे, फारच चांगलं आहे, मी आपला सहज आलो—सहज म्हणजे कामानेच. त्या पुरचुंड्या. कोळशाच्या. चार दिल्या होत्या ना, खणांच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलेल्या? त्या बदलायच्या आहेत. ह्या बघा, नव्या आणल्यात पिशवीतून. जुन्या चार द्या, नव्या चार घ्या, मी निघालो. दोन मिनिटांचं काम.

महिनाभर हात लावू नका असं सांगितलं होतं? मालकांनी? हो, ते सगळ्यांनाच सांगतात. पण त्याचं कसं असतं, ताई—कोळसा वास पितो. पितो म्हणजे खरोखरच पितो, पण त्याला पोट असतं, आणि पोट भरलं की तोच कोळसा प्यायलेलं सगळं ओकायला लागतो. कोणाचा कोळसा कधी भरेल ते सांगता येत नाही, म्हणून बदललेला बरा. दुकानाची पद्धतच आहे ती. आता—आता सुरू केलेली पद्धत आहे. आजपासून. हो, तुम्हीच पहिल्या.

हसू नका. म्हणजे हसा, पण आणून द्या ना.

गाडी नाही आणली, सायकलने आलो. घाम त्याचाच आहे. नाही, आजारी नाही मी. बाळ झोपलंय का? मग हळू बोलतो. पण ते कपाट त्याच्याच खोलीत आहे का? बरं. बरं. तुम्हाला शंका येतेय, येणारच, दुपारच्या वेळी अनोळखी माणूस दारात उभा राहून कोळसा मागतो, मलाही आली असती. मी सांगतो तुम्हाला सगळं कसं करतो ते, म्हणजे तुम्हाला पटेल की मी कामाचाच माणूस आहे. आमच्याकडे औषधं फवारत नाहीत—सुगंधी फवारा मारून कुबट वास झाकणारे बाजारात पुष्कळ आहेत, आठ दिवसांनी सुगंध उडतो आणि कुबटपणा दुप्पट होऊन वर येतो. आम्ही तसं करत नाही. लाकडाचं बाहेरचं अंग पॉलिश केलेलं असतं, तिथून वास शिरतच नाही. शिरतो तो आतून—खणाच्या तळातून, कपाटाच्या पाठीतून, जिथे सुताराने पॉलिशचा हात फिरवलेलाच नसतो, कोण बघणार म्हणून. कोण बघणार! वास बघतो. म्हणून मी आधी सगळे खण बाहेर काढून उलटे करतो. कोरड्या ब्रशने झाडतो. मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडकं घट्ट पिळायचं, पुसायचं, भिजवायचं नाही—भिजवलं की फळी फुगते आणि खण जन्मात परत सरकत नाही. मग सावलीत एक दिवस, आणि मग ऊन. आधीच ऊन दाखवलं तर तडा जातो. तरी राहिला वास तर खायचा सोडा पसरून दोन दिवस, झाडून टाकायचा. डांबरगोळ्यांचा वास असेल तर त्याला कॉफीचा चोथा, वाळवलेला. आणि सगळ्यात शेवटी कोळसा—साधा लाकडाचा, बारीक कुटलेला, सुती कापडात बांधलेला. आक्का शिवते त्या पुरचुंड्या. तिच्या जुन्या साड्यांच्या.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नाही, ती दुकानात नाही कामाला. ती डबा घेऊन येते रोज, एवढंच. डबा देते, खण बघते आणि जाते.

खण बघते म्हणजे—बघते. बायकांना आवड असते फर्निचरची.

ताई, तेवढ्या पुरचुंड्या आणा ना. मी हात जोडतो हवं तर. आणि आणताना कापडाला हात लावू नका. चिमट्याने—नाही, घरात चिमटा लगेच कुठे सापडणार, एखादी प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा आणि तशीच उलटी करा. का म्हणजे? कोळसा आहे. हात काळे होतील. एवढंच आहे.

…

ताई? ऐकू येतंय ना? मी दारातूनच बोलतो. वरच्या दोन खणांत एकेक आणि अगदी खालच्यात दोन. मीच ठेवल्या आहेत, मला पाठ आहे. तिथले कपडे हलवू नका, फक्त पुरचुंड्या—हां. ही एक. इथे उंबऱ्यावर ठेवा, मी उचलतो. दोन. तीन. बास? तीनच? ताई, चार होत्या. खालच्या खणात दोन, डाव्या कोपऱ्यात एक आणि—

पाळण्यात?

गादीखाली. का? हो, मालक म्हणाले असतील, कुठल्याही वासाला चालतो म्हणून, ते म्हणतातच, चपलांच्या कपाटात ठेवा, फ्रिजमध्ये ठेवा—बाळ गादी ओली करतं, वास येतो, म्हणून तुम्ही—हो. समजलं. तुमची काही चूक नाही. साखळी काढा. नाही, मी आत येत नाही, तुम्ही आधी बाळाला उचला त्या पाळण्यातून. झोपलंय तर झोपू दे खांद्यावर, पण उचला. आता. मग सांगतो. खरं सांगतो, शप्पथ.

…

सांगतो. असं बघू नका, मला बोलता येत नाही कोणी असं बघितलं की, मला एरवीच बोलता येत नाही. शाळेत उभं केलं की गप्प व्हायचो, म्हणून तर सुटली शाळा—ते राहू दे. सांगतो. तुमचं कपाट चांगलं आहे, त्यात काही वाईट नव्हतं, एका मास्तरांच्या घरचं, पुस्तकं ठेवायचे त्यात. वाईट होतं ते दुसरं. पाच आठवड्यांपूर्वी आमच्याकडे एका गोदामातून कपाट आलं, बियाणं आणि झाडांची औषधं ठेवायचं गोदाम ते. खालच्या खणांत पावडर सांडलेली. करड्या रंगाची, कीड मारायची. मालक म्हणाले, लाकूड सोन्यासारखं आहे, वास काढ रे याचा. मी सगळं केलं. व्हिनेगर, सोडा, ऊन, सगळं. मग कोळसा, बारा पुरचुंड्या, वीस दिवस. वीस दिवसांनी मालकांनी स्वतः खण उघडून नाक घातलं, आणि नाक मुरडून मागे सरले, म्हणाले, हे मेलं सुधारत नाही, तोडून टाका, आणि जाळूही नका, पुरा. कपाट तोडलं. पुरलं. पुरचुंड्या मात्र कोणी पुरायला सांगितल्या नव्हत्या.

आमची रीत अशी आहे, ताई, की वापरलेल्या सगळ्या पुरचुंड्या गच्चीवर उन्हात टाकायच्या दोन दिवस आणि मग एकाच गोणीत भरायच्या. उन्हाने कोळशाचं पोट रिकामं होतं—बहुतेकांचं. ज्यांचं होत नाही त्या हुंगून बाजूला काढायच्या. खूण कधी केलीच नाही आम्ही त्यांना. खुणेची गरज काय? नाक होतं ना.

आक्काचं नाक.

माझं म्हणतात सगळे. मालक तर गिऱ्हाइकांना सांगतात, आमच्या पोराच्या नाकाचा विमा उतरवायला हवा. तुम्हालाही म्हणाले असतील. चौदा वर्षांचा होतो तेव्हा दारातूनच सांगितलं होतं मी त्यांना, की त्या कोपऱ्यातल्या पेटीत कधी काळी साबण ठेवायचे, आणि त्या टेबलाच्या खाली मांजर व्यायलंय. दोन्ही खरं निघालं. त्याच दिवशी ठेवून घेतलं त्यांनी. शिक्षण नाही, हातात दुसरी कला नाही, बोलायला तोंड नाही—नाक होतं. दोन वर्षांपूर्वी ताप आला, पंधरा दिवस होता, आणि उतरला तेव्हा काहीच येईना. मला वाटलं सर्दी आहे. मग वाटलं, येईल हळूहळू. जेवणही मातीसारखं लागतं तेव्हापासून, तरी आक्काच्या समोर 'छान झालंय' म्हणतो. तिला कळलंच. एकदा तिने करपलेली भाजी मुद्दाम वाढली—मी छान म्हणालो. ती ताट तसंच ठेवून हसली, आणि मग रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन यायला लागली.

तेव्हापासून ती हुंगते. मालक जेवायला घरी गेले की एकेक खण उघडते, मला हळूच सांगते—याला अजून दोन दिवस लागतील, हा झाला, याला कॉफी लाव. आणि मालक आले की मी डोकं घालतो खणात, डोळे मिटतो, थांबतो थोडं आणि म्हणतो, स्वच्छ. तुमच्या समोर केलं ना तसंच. डोळे मिटले होते, आठवतं? तुम्ही म्हणालात, किती मन लावून करतो हा. मला तेव्हाच जमिनीत जावंसं वाटलं होतं. नाटक होतं ते, ताई. मला काही कळत नव्हतं. रोज नाटक असतं.

तर आक्का म्हणाली, आता पुरे. मालकांना सांग. तिचं म्हणणं, अरे, लोक आपल्या पोराबाळांचे कपडे ठेवतात त्यात, आणि तू अंदाजाने मान हलवतोस. मी म्हणालो, अंदाज कसला, तू आहेस ना. ती म्हणाली, मी नसले तर? मी काहीतरी बोललो तिला. म्हणालो—डबा आणतेस म्हणून उपकार करू नकोस. असं म्हणायला नको होतं. ती म्हणाली, लोकांपुढे नाक कापलं जाऊ नये म्हणून एवढी धडपड, आणि नाक आहे कुठे तुला? आणि गेली. नऊ दिवस आली नाही. मीही बोलवायला गेलो नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहते ती, चालत पाच मिनिटं. पाच मिनिटं मी चाललो नाही, ताई.

त्याच नऊ दिवसांत तुम्ही आलात. कपाट पसंत केलंत. मास्तरांचं कपाट, त्याला थोडा जुन्या कागदांचा वास असणार एवढं मला ठाऊक होतं, जाणारच होता तो आपोआप. मालक म्हणाले, पुरचुंड्या घाल आणि पाठवून दे. मी गोणीत हात घातला. दिसायला चांगल्या चार काढल्या. दिसायला! जिथे हुंगायचं तिथे मी डोळ्याने निवडलं. निळ्या फुलांच्या कापडाच्या, नीटनेटक्या, धूळ झटकली आणि—आणि ती धूळ कोळशाची नव्हती.

आज सकाळी आक्का आली. भांडण विसरून, डबा घेऊन. गोणी उघडली तिने, आणि तोंड फिरवलं. म्हणाली, त्या गोदामाच्या कपाटातल्या पुरचुंड्याही यातच टाकल्यास तू? मी म्हणालो, कशावरून कळतं? ती म्हणाली, अरे, कुजक्या लसणीसारखा वास मारतोय गोणीला, आंधळ्यालाही कळेल. तिने निवडल्या. सगळ्या निळ्या फुलांच्या, एकाच साडीच्या. मी मोजल्या, ताई. चार कमी होत्या.

काय म्हणालात?

लसूण. तुम्हालाही आला? आणि तुम्हाला वाटलं, वास काढायचा काहीतरी घरगुती उपाय असेल म्हणून—हो. मालकांनीही सांगितलं असणार, थोडा वास राहतो, कोळशाचा असतो. मग तुम्ही काय करणार. तुम्ही नाही, मी—ऐका. बाळ कसं आहे? खेळतंय? पाजताना घेतंय नीट? खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.

लाळ. परवापासून. दात येत असतील म्हणून—आणि झोपतंय जास्त. मगाशी उचललं तरी जागं नाही झालं, मला दिसतंय ना इथून, मान बघा कशी टाकलीये त्याने.

ताई, दात नाहीत. बसू नका. बसू नका, उभ्या राहा, ऐका माझं. आमचा हमाल, ते गोदामाचं कपाट त्याने वर चढवलं होतं, घामेजलेल्या हातांनी खण धरले आणि त्याच हातांनी तंबाखू मळली. तासाभरात लाळ गळायला लागली त्याची, धोतराला पुसतोय, पुसतोय, थांबेना. आम्ही हसलो. सगळे हसलो, मीही. म्हटलं, आज मामांना तंबाखू चढली. मग तो जिन्यात बसला आणि उलटी झाली. मालकांनी दवाखान्यात नेलं, डॉक्टरने विचारलं, काय होतं त्या खणात, नाव काय. मालकांना नाव ठाऊक होतं, डब्यावरचं, ते सांगितलं आणि डॉक्टरने त्यावरचं इंजेक्शन दिलं. चार दिवसांत मामा कामावर. बरा होतो माणूस. नावावर सगळं असतं म्हणाले डॉक्टर, नाव कळलं नसतं तर आम्ही पोटाची औषधं देत बसलो असतो.

मला नाव ठाऊक नाही. मालकांनाच ठाऊक आहे.

आधी एक करा, त्याचे कपडे काढा सगळे. त्या कपाटातलं काहीही घालू नका, ओढणीत गुंडाळा, तुमच्या कपाटातल्या. साबणाच्या पाण्याने धुवा अंग, पुसू नका, पुसलं की मुरतं, धुवा, वरून पाणी ओतून. मान, काखा, हात—हात तोंडात घालतं ना ते. आक्काने हे दहा वेळा म्हणून घेतलं माझ्याकडून, ती खाली थांबलीये, रिक्षा अडवून. हो, मी सायकलने पुढे आलो, ती रिक्षाने मागून. ती म्हणाली होती, वर मी येते, मी सांगते. मी म्हणालो, नको, मी नुसत्या पुरचुंड्या बदलून आणतो, काही झालेलंच नसेल. मला वाटलं—मला वाटलं की बदलून आणल्या की कोणालाच कळायचं नाही. तुम्हालाही नाही, मालकांनाही नाही. म्हणून मघापासून व्हिनेगर न् सोडा सांगत बसलो. दहा मिनिटं घालवली मी तुमची. धुवा, ताई, जा. मी फोन लावतो इथूनच. तोवर मालकांना.

लागतोय.

—मालक? मी बोलतोय. नाही, दुकानात नाही. ऐका आधी, मालक, त्या गोदामाच्या कपाटात पावडर होती, तिचं नाव सांगा. डब्यावर होतं ते नाव. नंतर सांगतो कशाला. मालक, शिव्या नंतर द्या, नाव—हो. परत एकदा. अक्षरं सांगा. हो. थांबा.

ताई! कागद आहे? नसेल तर माझ्याच हातावर लिहितो, पेन आहे माझ्याकडे. लिहिलं. हे बघा, असंच दाखवा—नाही, माझा हात कसा न्याल, या दारामागच्या कॅलेंडरवर लिहून देतो, फाडा ते पान. आणि किती दिवस झाले ते सांगा डॉक्टरला, सहा, आणि लाळ परवापासून. आणि या तीन पुरचुंड्या पिशवीत बांधून तशाच न्या, लागल्या तर. चौथीही, पाळण्यातली, पिशवीनेच धरून आणा. गाठ मी मारतो, तुम्ही हात लावू नका.

—हो मालक, आहे मी. त्यांच्याच दारात. सहा खणांच्या कपाटाच्या. हो, त्याच गोणीतल्या गेल्या. कसं कळलं नाही म्हणजे... वास येत होता, हो. कोणालाही आला असता.

मला येत नाही, मालक.

आजचं नाही. दोन वर्षं झाली. कधीच येत नाही. नाही, काहीच नाही. हो, तुमच्यासमोर पण. सगळ्यांसमोर. आक्का सांगायची, मी मान हलवायचो. ते कपाट, आणि त्याच्या आधीची सगळी. हो. हो, मालक.

हो.

…

ठेवला त्यांनी. तुम्ही निघा, ताई. आक्का जिन्याच्या खालीच आहे, हिरव्या साडीतली, ती येईल बरोबर, तिला सगळं सांगता येतं नीट, माझ्यासारखं नाही. बाळाचं डोकं उंच धरा. श्वास चालूय ना? मग चला, पटकन, चपला राहू द्या.

मी कपाट उतरवून ठेवतो तोवर, सगळे खण खाली अंगणात—

नाही, कळलं. तुम्ही नसताना घरात नको. बरोबर आहे. नाही, बरोबरच आहे. मग मी रिक्षात पुढे बसू का, मागून काही लागलं तर—

बरं.

बरं, ताई. नाही येत.